आकडा खरा, पण कोणाबद्दलचा? पारलिंगी विद्यार्थिनी, मुलींचे खेळ आणि पुरावा वाचण्याची रीत



पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये आम्हाला प्रत्येकी एक वादग्रस्त विषय दिला होता आणि त्यावरच्या संशोधनाची समीक्षा करून सादर करायला सांगितलं होतं. माझ्या वाट्याला अमेरिकेतला वाद आला. पारलिंगी विद्यार्थिनींना हायस्कूलच्या मुलींच्या स्पर्धांत खेळू द्यावं की नाही? मी दोन रात्री बसून सात-आठ पेपरांचे सारांश वाचले. एका स्लाइडवर ठळक अक्षरात '१२ टक्के' असं लिहिलं आणि त्याखाली निष्कर्ष टाकला: 'दोन वर्षं उपचार घेऊनही फायदा शिल्लक राहतो, म्हणून बंदी योग्य आहे.'

मॅडमनी स्लाइड बघितली आणि एवढंच विचारलं, "या नमुन्यात शाळकरी मुली किती?"

मी तिथेच पेपर उघडला. एकही नव्हती.

नेट-सेटचा अभ्यास करताना 'बाह्य वैधता' ही संज्ञा आपण सगळेच पाठ करतो. मीही केली होती, तिच्यावरच्या बहुपर्यायी प्रश्नांची उत्तरं बरोबरही आली होती. पण वापरायची वेळ आली तेव्हा ती कामाला आली नाही. म्हणून हा लेख. यात मी तुम्हाला या वादाचा अंतिम निकाल देणार नाही. दोन्ही बाजू जो पुरावा पुढे करतात तो नेमका काय सांगतो आणि कुठे थांबतो, एवढंच बघू.

आधी शब्द नीट करून घेऊ

कुठल्याही समीक्षेची सुरुवात कार्यात्मक व्याख्येपासून होते आणि इथे तर पहिलीच ठेच शब्दालाच लागते. मराठी बातम्यांत 'ट्रान्सजेंडर'साठी सर्रास 'तृतीयपंथी' लिहिलं जातं. त्या शब्दाबरोबर आपल्याकडच्या एका विशिष्ट समुदायाचं चित्र डोळ्यांपुढे येतं. अमेरिकेतल्या शाळेत रिले पळणारी पंधरा वर्षांची मुलगी त्या चित्रात बसत नाही. या लेखात 'पारलिंगी मुलगी' म्हणजे जन्माच्या वेळी जिची नोंद मुलगा अशी झाली, पण जी स्वतःला मुलगी म्हणून ओळखते आणि तशीच राहते ती.

दुसरी गल्लत याहून मोठी आहे. हा विषय निघाला की कोणीतरी हमखास द्युती चंद किंवा शांती सौंदराजन यांची नावं घेतं. या दोघी पारलिंगी नाहीत. दोघीही जन्मापासून मुली म्हणूनच वाढल्या. शांती यांचं २००६च्या दोहा आशियाई स्पर्धेतलं ८०० मीटरचं रौप्यपदक लिंगचाचणीनंतर काढून घेतलं गेलं. द्युती यांना २०१४मध्ये टेस्टोस्टेरॉनच्या पातळीवरून रोखलं गेलं आणि २०१५मध्ये क्रीडा लवादाने तो नियम स्थगित केला. त्यांचा प्रश्न शरीराच्या जन्मजात वेगळेपणाचा होता. दोन वेगळ्या समष्टी एकाच नावाखाली आल्या की पुढचं सगळं विश्लेषण चुकतं. आपल्या २०१९च्या कायद्याच्या व्याख्येत तर पारलिंगी, आंतरलिंगी आणि किन्नर-जोगता असे समुदाय एकत्रच धरले होते. हक्क देण्यासाठी अशी रुंद व्याख्या सोयीची असेलही, पण मोजमापासाठी ती चालत नाही.

वाद कुठून आला

अमेरिकेत १९७२मध्ये शिक्षणात लिंगाधारित भेदभावाला मनाई करणारा 'टायटल नाइन' कायदा आला. त्याआधी १९७१-७२मध्ये तिथल्या हायस्कूलांत खेळणाऱ्या मुलींची नोंद २,९४,०१५ होती. आज ती ३० लाखांच्या वर आहे. मुलींचा स्वतंत्र गट ठेवल्याशिवाय हे झालं नसतं, हे लक्षात ठेवा. या वादात काळजीने बोलणाऱ्या प्रत्येक पालकाला 'द्वेष्टा' ठरवून मोकळं होता येत नाही, ते याच कारणाने.

आता कनेक्टिकटकडे या. तिथल्या शालेय क्रीडा संघटनेने २०१३पासून विद्यार्थ्यांना स्वतःच्या लिंगओळखीनुसार खेळायची मुभा दिली होती. पुढे दोन पारलिंगी धावपटूंनी मिळून राज्यस्तरावरची १५ विजेतेपदं मिळवली, असं म्हणत काही मुलींच्या कुटुंबांनी फेब्रुवारी २०२०मध्ये दावा दाखल केला. पुढच्या महिन्यात आयडाहोने देशातला पहिला राज्यव्यापी बंदीचा कायदा केला. त्यानंतर पंचवीसहून अधिक राज्यांनी तसे कायदे केले. आयडाहो आणि वेस्ट व्हर्जिनिया या दोन राज्यांची प्रकरणं २०२५च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीसाठी स्वीकारली.

कायद्याचा अर्थ न्यायालयं लावतील. आपलं काम पुराव्याचं. चला, माझ्या त्या फसलेल्या स्लाइडकडे जाऊ.

तो १२ टक्क्यांचा पेपर

हा पेपर रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांचा. ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने तो डिसेंबर २०२०मध्ये ऑनलाइन प्रसिद्ध केला. अमेरिकन हवाई दलात नोकरीत असताना ज्यांनी संप्रेरक उपचार सुरू केले, अशा ४६ पारलिंगी स्त्रिया आणि २९ पारलिंगी पुरुष यांच्या जुन्या वैद्यकीय नोंदी आणि शारीरिक चाचण्यांचे निकाल संशोधकांनी तपासले. चाचण्या तीन होत्या: एका मिनिटातले पुश-अप, एका मिनिटातले सिट-अप आणि दीड मैल धावणं. तुलना हवाई दलातल्या तिशीखालच्या सरासरी स्त्री-पुरुषांशी केली होती.

निष्कर्ष असे. उपचारांआधी पारलिंगी स्त्रिया इतर स्त्रियांपेक्षा ३१ टक्के जास्त पुश-अप आणि १५ टक्के जास्त सिट-अप काढत होत्या, आणि दीड मैल २१ टक्के वेगाने धावत होत्या. दोन वर्षांच्या उपचारांनंतर पुश-अप आणि सिट-अपमधला फरक नाहीसा झाला. धावण्यात मात्र त्या अजूनही १२ टक्के पुढे होत्या.

आता गंमत बघा. बंदीच्या बाजूचा माणूस या पेपरमधून '१२ टक्के फरक राहतो' एवढंच उचलतो. विरोधी बाजूचा माणूस 'ताकदीतला फरक दोन वर्षांत संपतो' एवढंच उचलतो. दोघेही खोटं बोलत नाहीत. एकाच पेपरची दोन अर्धी वाक्यं दोन वेगळ्या सभांत फिरतात, इतकंच. मूळ पेपर वाचायचा कंटाळा केला की आपणही त्यातल्या एका सभेत जाऊन बसतो. मी बसलेच होते.

बरं, पूर्ण वाक्य घेतलं तरी ते कोणाबद्दल आहे? उपचार सुरू करताना या लोकांचं सरासरी वय २६ होतं. म्हणजे वयात येण्याची सगळी प्रक्रिया पूर्ण होऊन बरीच वर्षं झालेली. शिवाय सगळे सैन्यातले. नोंदी नोकरीतल्या पात्रतेसाठी ठेवलेल्या, संशोधनासाठी नव्हे. चाचणी पास झाली की पुरे, असा विचार करून धावणारा माणूस आणि पदकासाठी धावणारी मुलगी यांचा प्रयत्न सारखा नसतो. हे सगळं असूनही पेपर उपयोगाचाच आहे. पारलिंगी प्रौढांची उपचारांआधीची आणि नंतरची कामगिरी मोजणारी आकडेवारी मुळात दुर्मीळ. त्याआधी २०१५मध्ये जोआना हार्पर यांचा अभ्यास आला होता. त्यात फक्त आठ हौशी धावपटू होत्या आणि धावण्याच्या वेळा त्यांनी स्वतःच सांगितलेल्या होत्या. त्या मानाने ४६ जणींच्या अधिकृत नोंदी हे पुढचं पाऊलच म्हणायचं.

तरीही सव्वीस वर्षांच्या सैनिकांवरून चौदा वर्षांच्या मुलीबद्दल काही ठरवायचं असेल तर मधे एक पूल बांधावा लागतो. तो पूल म्हणजे वयात येणं.

वयात येणं हाच कळीचा चल

या बाबतीत पुरावा बऱ्यापैकी भक्कम आहे. डेव्हिड हँडल्समन यांनी २०१७मध्ये मुला-मुलींच्या वयवार कामगिरीची तुलना केली. धावणं आणि पोहणं यांतला मोठा फरक साधारण बारा-तेराव्या वर्षापासून वाढू लागतो आणि किशोरवयाच्या शेवटी १० ते १२ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. उड्यांमध्ये तो त्याहून मोठा, २० टक्क्यांच्या जवळ. मुलग्यांमध्ये टेस्टोस्टेरॉन ज्या काळात वाढतं, त्याच काळात हा फरक वाढतो. 'मुलगे आणि मुली यांच्यातला फरक निव्वळ सामाजिक आहे' असं म्हणणाऱ्याला ही आकडेवारी ओलांडून जाता येणार नाही.

मग वयात आल्यानंतर टेस्टोस्टेरॉन कमी केलं तर? हिल्टन आणि लुंडबर्ग यांनी २०२१मध्ये स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. वर्षभराच्या उपचारांनंतर स्नायूंचं प्रमाण आणि ताकद साधारण ५ टक्क्यांनीच घटते, असा त्यांचा निष्कर्ष. यातले अभ्यास बहुतेक प्रौढ, खेळाडू नसलेल्या लोकांवरचे होते. तरी उंची आणि हाडांची रचना उपचारांनी मागे जात नाही हे उघड आहे. म्हणजे पूर्ण वयात येऊन गेलेल्या व्यक्तीच्या बाबतीत फायदा काही प्रमाणात टिकतो, हा दावा वाजवी आहे.

पण हाच तर्क दुसरीकडेही न्यावा लागतो. वेस्ट व्हर्जिनियाचा २०२१चा कायदा माध्यमिक शाळेपासून कॉलेजपर्यंत सगळ्यांना सरसकट लागू आहे. त्याला आव्हान देणारी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. तिने वयात येणं थांबवणारी औषधं घेतली, म्हणजे ज्या बदलांमुळे फायदा होतो असं आपण आत्ताच म्हटलं, ते पुरुषी बदल तिच्यात झालेच नाहीत. मग हवाई दलातले १२ टक्के तिला कसे लावणार? 'वयात येण्यामुळे फरक पडतो' हा पुरावा मानायचा आणि वयात न आलेल्या मुलीलाही त्याच पुराव्याने बाहेर काढायचं, हे एकाच तर्कात बसत नाही.

यावर एक उत्तर दिलं जातं: वयात येण्याआधीही मुलगे थोडे सरस असतात. काही नोंदींत तसा लहान फरक दिसतो, हे खरं. पण त्याचं कारण शरीर की मैदानावर मिळणारा वेळ? मुलग्याच्या हातात पाचव्या वर्षी चेंडू येतो आणि मुलीला 'पडशील' म्हणून हाक येते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. इथे गोंधळ घालणारा चल आहे. तो वेगळा काढल्याशिवाय तो लहान फरक कोणत्याच बाजूला मोजता येत नाही.

आता दुसरी बाजू, तितक्याच कडकपणे

समीक्षा एका बाजूचीच केली तर ती वकिली होते. म्हणून समावेशाच्या बाजूने वारंवार येणारे तीन युक्तिवाद बघू.

पहिला: 'संख्या नगण्य आहे.' मार्च २०२२मध्ये युटाचे राज्यपाल स्पेन्सर कॉक्स यांनी बंदीचं विधेयक परत पाठवताना लिहिलं की, राज्यात हायस्कूलचे ७५,००० विद्यार्थी खेळतात, त्यांत चार पारलिंगी, आणि मुलींच्या खेळात त्यांपैकी एकच. विधानमंडळाने त्याच महिन्यात त्यांचा नकार ओलांडून कायदा केला. हा आकडा बोलका आहे. प्रश्न किती व्यापक आहे ते तो सांगतो. पण अंतिम फेरीत आठच लेन असतात. जिची नववी जागा झाली तिला ७५,००० हा छेद सांगून काय उपयोग? व्यापकता आणि तीव्रता ही दोन वेगळी मापं आहेत.

दुसरा: 'मुला-मुलींच्या कामगिरीत खूप सरमिसळ आहे, कितीतरी मुली कितीतरी मुलग्यांपेक्षा वेगवान असतात.' बरोबर. वर्गातल्या साठ जणांना पळवलं तर तेच दिसेल. पण संख्याशास्त्राच्या पेपरमधला सामान्य वितरण वक्र आठवा. दोन वक्रांच्या सरासरीत थोडा फरक असला तर मधल्या भागात सरमिसळ दिसते, पण टोकाला तो फरक फार मोठा होतो. आणि राज्यस्तरीय अंतिम फेरी टोकालाच असते. म्हणून हा युक्तिवाद आंतरवर्गीय सामन्याला चालतो, राज्य विजेतेपदाला नाही.

तिसरा: 'ती तर हरली.' कनेक्टिकटमध्ये दावा दाखल झाल्यावर काही दिवसांतच तक्रारदार मुलींपैकी एकीने ५५ मीटरच्या अंतिम फेरीत त्या दोन धावपटूंपैकी एकीला हरवलं. लगेच तो पुरावा झाला. उलट, वेस्ट व्हर्जिनियातली मुलगी सुरुवातीला क्रॉस-कंट्रीत मागे राहायची तेव्हा ते एका बाजूला सोयीचं होतं. पुढे २०२५मध्ये ती थाळीफेकीत राज्यात तिसरी आली तेव्हा ते दुसऱ्या बाजूला सोयीचं झालं. एका व्यक्तीच्या एका क्रमांकावरून समूहाच्या फायद्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही, ना जिंकल्याने, ना हरल्याने. व्यक्तिअभ्यासाने प्रश्न सुचतो. वारंवारता त्यातून कळत नाही.

नियमाचं मोजमाप कोण करणार?

या भागाकडे मी आधी बघितलंच नव्हतं. आपण साधनाची विश्वासार्हता प्रश्नावलीपुरती तपासतो. पण नियम हेही एक साधनच आहे. तो राबवायचा तर कोणीतरी, कशावरून तरी, ठरवणार की समोरची मुलगी 'मुलगी' आहे की नाही.

युटामध्ये काय झालं ते बघा. एका स्पर्धेत एक मुलगी मोठ्या फरकाने जिंकली. मागे पडलेल्या दोन मुलींच्या पालकांनी तिच्या लिंगाबद्दल तक्रार केली. राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने तिच्या शाळेच्या नोंदी पार बालवाडीपर्यंत तपासल्या. प्रत्येक वर्षी 'मुलगी' अशीच नोंद होती. ती पारलिंगी नव्हतीच. तपास चालू असताना तिच्या घरच्यांना सांगितलंही नव्हतं. संघटनेनेच ही माहिती नंतर आमदारांच्या समितीसमोर ठेवली.

आयडाहोच्या कायद्यात तर वाद झाला की शरीराची तपासणी, टेस्टोस्टेरॉनची पातळी किंवा जनुकीय चाचणी यांवरून लिंग सिद्ध करण्याची तरतूद होती. मुलींच्याच खेळांना, मुलग्यांच्या नाही.

संशोधनाच्या भाषेत याला चुकीचं सकारात्मक म्हणतात. जी गोष्ट फार दुर्मीळ असते ती शोधायला सैल साधन वापरलं की सापडलेल्यांपेक्षा चुकून पकडलेल्यांची संख्या सहज वाढते. ७५,००० मध्ये एक शोधायचा आणि साधन काय, तर 'ती मुलीसारखी दिसत नाही'. दणकट बांध्याची, केस बारीक कापलेली, छाती सपाट असलेली प्रत्येक मुलगी यात येते. आपल्या तालुक्याच्या स्पर्धेत अशा मुली तुम्ही पाहिल्या असतील. कदाचित तुम्हीच त्यातल्या एक असाल. मुलींच्या रक्षणासाठी केलेल्या नियमाची किंमत मुलीच मोजत असतील तर ती किंमतही आढाव्यात यायला हवी. मी वाचलेल्या शरीरशास्त्राच्या एकाही पेपरमध्ये ती नव्हती, कारण तो त्यांचा प्रश्नच नव्हता.

पुरावा कुठे थांबतो

समजा उद्या आदर्श अभ्यास झाला. भरपूर मोठा नमुना, शाळकरी वय, उपचारांचे टप्पे स्पष्ट, सरावाच्या नोंदी पक्क्या. त्यातून फायदा किती टक्के हे कळेल. पण 'किती टक्के चालेल?' हे त्यातून कळणार नाही. शाळेत खेळ कशासाठी असतात, हे आधी ठरवावं लागेल. विजेता निवडण्यासाठी? मग छोटा फरकही महत्त्वाचा. मैत्री, तब्येत, संघात सामील होणं यासाठी? मग सातवीतल्या मुलीला बाकावर बसवण्यासाठी फार भक्कम कारण लागेल. हा मूल्यांचा प्रश्न आहे. आकड्याच्या मागे लपून त्याचं उत्तर देणं ही संशोधकाची सर्वात सभ्य दिसणारी लबाडी आहे.

मला विचाराल तर हाती असलेला पुरावा दोन्ही टोकाच्या दाव्यांना पुरत नाही. 'काहीच फायदा नसतो' हे वयात येऊन गेलेल्या, वरच्या स्तरावर खेळणाऱ्या खेळाडूबद्दल म्हणता येत नाही. 'सगळ्यांना, सगळ्या वयात, सगळ्या स्तरांवर बंदी' हेही त्याच पुराव्यावरून म्हणता येत नाही. पुरावा फार तर वय, शरीरातले बदल आणि स्पर्धेचा स्तर यांनुसार वेगळा विचार करा, इतकं सांगतो. असा नियम लिहायला आणि पाळायला अवघड आहे. पण अवघड आहे म्हणून पुरावा बदलत नाही.

पुढचा पेपर हातात घ्याल तेव्हा

चार प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. नमुन्यातली माणसं कोण, आणि निष्कर्ष ज्यांना लावायचा ती कोण? विरोधी बाजू याच पेपरमधलं कोणतं वाक्य उचलेल? नियम राबवताना कोण चुकून पकडलं जाईल? आणि निष्कर्षातलं 'म्हणून' हे आकड्यातून आलं, की माझ्या मनातून?

चौथ्या प्रश्नावर मी पकडले गेले होते. त्या स्लाइडवरचे १२ टक्के खरेच होते. चूक 'म्हणून' या शब्दात होती.

पुढच्या आठवड्यात मी तेच सादरीकरण पुन्हा केलं. स्लाइडवर या वेळी लिहिलं: 'सव्वीस वर्षांच्या, वयात येऊन गेलेल्या ४६ सैनिकांमध्ये, दोन वर्षांनंतर, दीड मैल धावण्यात १२ टक्के.' वाक्य लांबलं, टाळीचं राहिलं नाही. मॅडमनी मान हलवली आणि म्हणाल्या, "आता पुढचं वाच."